कस्तुरीचा मोती

बसूच्या डाव्या पापणीच्या कडेला पहिला मोती दिसला, तेव्हा कीर्ती त्याला वरणभात भरवत होती. मोहरीएवढा दाणा, गुळगुळीत, गुलाबीसर पांढरा, आणि बरोबर मधोमध सुईनं टोचल्यासारखा खळगा. तिच्या हातातला घास हातातच राहिला. हे काय आहे ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या वर्षी सोलापुरातली प्रत्येक आई तो दाणा दुरून ओळखत होती.

"कस्तुरी," तिनं मान न वळवता हाक मारली, "आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे."

दहा वर्षांच्या कस्तुरीनं का म्हणून विचारलं नाही. भावाशेजारी पसरलेले रंग तसेच टाकून ती उठली. आत जाऊन दार लावायची तिला सवय होती. गावात गोवर आला, कांजिण्या आल्या, शेजारी कुणाला नुसती सर्दी झाली, तरी ती आत जायची.

कस्तुरीच्या दोन्ही किडन्या जन्मापासून दुबळ्या होत्या. पाच वर्षांची असताना त्या पार थांबल्या. वर्षभर ती डायलिसिसवर होती, आणि मग कीर्तीची एक किडनी तिच्या पोटात बसवली गेली. दुसऱ्याचा अवयव शरीराला परका वाटतो. रक्तातले पहारेकरी त्याच्यावर तुटून पडतात. म्हणून त्या पहारेकऱ्यांना कायम गुंगीत ठेवणाऱ्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घ्याव्या लागतात. किडनी वाचते, पण घराला राखण राहत नाही. कुठलाही भुरटा आत शिरू शकतो.

मोतीपुरळ तसा जुनाच रोग. लहान मुलांना व्हायचा. अंगाला अंग लागून, एका टॉवेलनं दोघांनी अंग पुसून पसरायचा, वर्षभर राहायचा आणि आपोआप जायचा. त्याचा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरात वस्ती करतो. तिथं रक्त पोचत नाही, त्यामुळं पहारेकरीही सहसा फिरकत नाहीत. शिवाय त्याच्याजवळ एक युक्ती असते. एरवी पेशीत विषाणू शिरला, की ती पेशी रसायनं सोडून आजूबाजूला ओरडा करते. हा विषाणू मात्र अशी प्रथिनं बनवतो, की पेशीच्या तोंडात बोळाच कोंबला जातो. चोर घरात, आणि घरमालक गप्प. म्हणून तो दाणा महिनोन्महिने सुखात बसून राहतो.

तीन वर्षांपूर्वी या विषाणूचं नवं रूप निघालं, आणि ते जायचं नाव घेईना. मुलांच्या अंगावर शेकड्यांनी दाणे उठू लागले. पापणीवर उठले, तर त्यांतून झडणारे विषाणू बुबुळावर पडत आणि बुबुळ दुधासारखं पांढरं होई. बालवाडीतली मुलं एका डोळ्यानं आंधळी होऊ लागली. शाळेत बाकाबाकांमध्ये पडदे आले, मुलांच्या हातांत मोजे आले. कीर्ती चित्रकला शिकवायची ती शाळा तर बंदच पडली. तिचा नवरा रेवण टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात होता. लोक एकदा पुसून फेकायचे कागद वापरू लागले, आणि त्याच्या कारखान्यात टॉवेलांच्या थप्प्या छताला टेकल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बसूची पापणी भिंगाखाली पाहिली आणि खुर्ची मागं सरकवली.

"महिनाभर थांबलो तर हा डोळा माझ्या हातात राहणार नाही," ते म्हणाले. "एकच उपाय आहे. स्पर्शलस. पुढच्या आठवड्यात शहरात येतेय. त्याला पहिल्या दिवशीच देऊन टाका."

रेवण-कीर्तीनं एकमेकांकडं पाहिलं. स्पर्शलशीबद्दल त्यांनी ऐकलं होतं. सगळ्या राज्यानं तिची वाट पाहिली होती. फक्त त्यांच्या घराला तिची भीती वाटत होती.

*

डॉ. तस्नीम बागवान कस्तुरीला ती अंगावर पीत होती तेव्हापासून ओळखत होत्या. किडनीच्या डॉक्टर. बोलायला रोखठोक, पण वाईट बातमी द्यायची असली की आधी चहा मागवायच्या. त्या दिवशी त्यांनी चहा मागवला.

"लस काय आहे ते आधी नीट समजून घ्या," त्या म्हणाल्या. "शास्त्रज्ञांनी तोच मोतीपुरळाचा विषाणू घेतला आणि त्यातली बोळा कोंबणारी जनुकं काढून टाकली. आता तो पेशीत शिरला, की पेशी जोरात ओरडते. पहारेकरी धावत येतात. मुलाच्या अंगावर एकच मोती उठतो, लाल होतो, सुकतो, गळून पडतो. तेवढ्यात शरीर त्या विषाणूची ओळख पटवून घेतं. आधीचे दाणे असतील तर तेही झाडून टाकतं. बसूचा डोळा वाचेल."

"आणि कस्तुरी?" रेवणनं विचारलं.

"ती लस पसरते, रेवण. मुद्दामच तशी केलीय. दहा मुलांना टोचायची, ती खेळता खेळता शंभरांना देतात, शंभर हजारांना. सुई न लावता सगळं गाव सुरक्षित. मोठ्या माणसांना मोती उठत नाही, पण केसांच्या मुळाशी तो विषाणू राहतो, आणि आंघोळीनं जात नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "पेशी ओरडली आणि ऐकायला कुणी जागंच नसलं तर? गोळ्यांमुळं कस्तुरीचे पहारेकरी झोपलेत. तिच्या अंगात हा विषाणू थांबणार नाही. कातडीवरून आत उतरेल. तिच्यासारख्या मुलांच्या बाबतीत तसं झालेलं आहे. ती मुलं राहिली नाहीत."

"मग असली लस देतात कशी?" रेवणचा आवाज चढला.

"कारण तिच्यासारखी मुलं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि आंधळी होणारी हजारोंनी. मी लशीला परवानगी देणाऱ्या समितीत असते, तर मीही होच म्हटलं असतं. आणि मग घरी जाऊन जेवले नसते."

कीर्तीनं आपला कप बाजूला सारला. मग तिनं विचारलं, "किती काळ?"

"लस गावात आली, की गावातच राहणार. नवी मुलं जन्मतील, त्यांना ती मिळत राहणार. लशीतला हा स्पर्शविषाणू अडवणाऱ्या औषधावर काम चाललंय. कधी येईल, मी शब्द देणार नाही. तोवर कस्तुरी आणि बसू एका घरात राहू शकत नाहीत. आणि जो बसूला जवळ घेईल, त्यानं कस्तुरीला शिवायचं नाही."

घरी परतताना दोघांनी ठरवलं असं काही झालंच नाही. सगळं आपोआप ठरलं. कस्तुरीच्या गोळ्या, लघवीचं माप, रक्तदाब हे सगळं कीर्तीच्या हातचं होतं. तिनं कस्तुरीबरोबर जायचं. बसू वडिलांजवळ राहील, आणि रेवणची विधवा बहीण सुवर्णा त्याला सांभाळायला येईल.

"लहान आहे तो," रेवण म्हणाला. "चार दिवसांत रुळेल बघ."

बायकोला धीर यावा म्हणून तो बोलला होता. पुढं ते खरं झालं.

*

नान्नजच्या माळाजवळ कीर्तीच्या मामांचं एक दोन खोल्यांचं घर होतं. मामा वनखात्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजूबाजूला वस्ती नव्हती. गवत, बाभळी, वारा, आणि लांबवर काळविटांचे कळप. मायलेकी तिथं राहायला गेल्या. किराणा कुंपणाबाहेर ठेवला जायचा आणि दोन दिवस उन्हात पडू दिल्यावर कीर्ती तो आत आणायची. टेबलावर एक छोटं यंत्र होतं. बोटाचा एक थेंब दिला, की किडनी कशी चाललीय ते मोजून डॉ. बागवानांना कळवायचं.

पहिले काही महिने कस्तुरीला तो माळ आवडला. कपड्यांना चिकटलेली कुसळं ती आईच्या पाठीवरून वेचायची. काळविटांची चित्रं काढायची आणि संध्याकाळी फोनवर बसूला दाखवायची.

बसूचा डोळा वाचला. त्याच्या दंडावर एकच मोती उठला, लाल झाला, गळाला, आणि पापणीवरचे सगळे दाणे पंधरवड्यात झडून गेले. शाळांतले पडदे निघाले. आठ-नऊ महिन्यांत राज्यात नव्यानं आंधळं झालेलं मूल उरलं नाही. कीर्ती बातम्यांत मुलांना एकमेकांच्या गळ्यात पडताना पाहायची. तिला मनापासून बरं वाटायचं, आणि मग ती फोन पालथा घालायची.

सुरुवातीला बसू फोनवर रडायचा. "आई, ये की." मग रडणं कमी झालं. मग तो बोलता बोलता उठून खेळायला जाऊ लागला. सुवर्णा त्याला ओढून आणायची, "अरे, आईशी बोल की दोन शब्द," आणि तो नाइलाजानं दोन शब्द बोलायचा.

एकदा त्याच्या वर्गातला एक मुलगा घरी आला होता. फोन चालूच राहिला होता. तो मुलगा म्हणाला, "ही कोण रे?"

"ती? फोनमधली आई," बसू म्हणाला. "घरातली आत्या आहे."

कीर्तीनं फोन बंद केला आणि ती कपडे वाळत घालायला बाहेर गेली. कपडे सकाळीच वाळत घातलेले होते. कस्तुरीनं खिडकीतून पाहिलं, आई वाळलेले कपडे काढून पुन्हा तारेवर घालत होती.

*

दीड वर्षानं रेवण बसूला माळावर घेऊन आला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती. कुंपणाच्या अलीकडं-पलीकडं, चार हात अंतर ठेवून. बसू आता पाच वर्षांचा होता. कीर्तीनं केस विंचरले होते आणि त्याला आवडायचे म्हणून रव्याचे लाडू केले होते. ते द्यायचे नाहीत, नुसते दाखवायचेही नाहीत, असं लाडू वळून झाल्यावर तिच्या मनात आलं. खरं तर बाहेरच्यांना इथलं काही द्यायला हरकत नव्हती. तिकडून मात्र काही यायचं नव्हतं. पण इतक्या दिवसांच्या नियमांनी तिचं डोकंच चालेनासं झालं होतं.

रेवणच्या मागून बसू आला. उंच झाला होता. कीर्तीकडं त्यानं ओळखीच्या पाहुण्याकडं पाहावं तसं पाहिलं. कस्तुरीला मात्र पाहताच त्याचा चेहरा खुलला. तिची चित्रं त्याच्या खोलीभर लावलेली होती.

"अक्का!"

आणि कुणाला काही कळायच्या आत तो धावला. कुंपणाच्या तारेतून त्यानं हात आत घातला. "अक्का, दे की हात."

कस्तुरी झटकन मागं सरली. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय ती. पाय अडखळून ती गवतात पडली आणि पडल्या पडल्या हातावर रेटत आणखी मागं गेली.

रेवणनं बसूला उचललं. तारेनं त्याच्या मनगटावर ओरखडा उठला होता. तो रडला नाही. वडिलांच्या खांद्यावरून तो बहिणीकडं बघत राहिला.

"अक्काला मी नको असतो," तो म्हणाला.

"तसं नाही रे बाळा," कीर्ती म्हणाली. तो तिच्याशी बोलत नव्हता.

त्यानंतर फोनवर कस्तुरीचं नाव काढलं, की तो पळून जायचा. कस्तुरीनं चित्रं काढायची सोडली. एका दुपारी तिनं विचारलं, "आई, मी गोळ्या बंद केल्या तर?"

"तर किडनी जाईल."

"आणि मग माझे पहारेकरी जागे होतील ना? मग बसूचा मोती मला चालेल?"

"असलं पुन्हा बोलायचं नाही," कीर्ती म्हणाली. तिचा आवाज इतका कडक निघाला, की तो तिचा तिलाच अनोळखी वाटला. "औषध येईल. थांबायचं."

कस्तुरीनं मान हलवली. कीर्तीला वाटलं, विषय संपला.

*

पावसाळ्याच्या शेवटी यंत्रावरचे आकडे चढू लागले. डॉ. बागवानांनी त्यांना ताबडतोब बोलावून घेतलं. रुग्णालयात अशा मुलांसाठी काचेचा वेगळा विभाग होता. बाहेरची हवा गाळून आत यायची. कस्तुरीच्या डोळ्यांखाली सूज होती, पावलं जड झाली होती. रक्त तपासलं, तर त्यात गोळ्यांचा मागमूस नव्हता.

नखशिखांत झाकणाऱ्या पोशाखातच डॉक्टर तिच्या पलंगावर टेकल्या. "कस्तुरी, गोळ्या घेत नव्हतीस?"

"नाही. मी थांबवल्या. जिभेखाली धरून नंतर थुंकायचे," ती म्हणाली. आता लपवायचं तिच्या मनातच नव्हतं. बारा वर्षांची पोर, सुजलेल्या चेहऱ्यानं शांत बसून होती.

बाहेरच्या खोलीत डॉ. बागवानांनी कीर्तीला खुर्ची दिली. काचेपलीकडं रेवण उभा होता. बसूजवळ राहणाऱ्या त्याला आत यायची मुभा नव्हती, म्हणून भिंतीतल्या ध्वनिक्षेपकातून बोलत होता.

"अजून वाचवता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "मोठे डोस द्यावे लागतील. पहारा पूर्ण झोपवायचा. काही महिने या काचेतच ठेवावं लागेल. नंतर पुन्हा माळ. आणि हे नाही केलं, तर पंधरा दिवसांत किडनी जाईल. मग डायलिसिस. पण गोळ्या सुटतील, तिची स्वतःची ताकद परत येईल, आणि ती घरी राहू शकेल. सगळ्यांबरोबर."

"यात विचारायचं काय?" भिंतीतून रेवणचा आवाज आला. "वाचवा."

"मी तिच्याशी बोलते," कीर्ती म्हणाली.

"काय बोलायलीस तिच्याशी? पोर आहे ती!"

कीर्ती उठून आत गेली. मुलीच्या पलंगावर तिच्या शेजारीच आडवी झाली. दोघींची डोकी एका उशीवर.

"का ग असं केलंस?"

"बसू तुला ओळखत नाही."

"ते माझं मी बघून घेईन."

"पण माझ्यामुळं ना." कस्तुरी छताकडं पाहत होती. "तुझी किडनी होती ती. तुला न विचारता केलं. तू रागाव मला."

"एकदा दिलं ते दिलं. ती तुझीच होती." कीर्तीनं तिच्या सुजलेल्या बोटांवरून हात फिरवला. "डायलिसिस आठवतं का तुला?"

"आठवतं."

"आठवड्यातून तीनदा सुया. पाणी मोजून प्यायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात. खेळून आल्यावर घशाला कोरड पडेल, आणि मी तुझ्या हातातला पेला काढून घेईन. आणि पुढची किडनी मिळेल याची खात्री नाही."

"माहितीये."

"तरी?"

कस्तुरी वळली आणि तिनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं. आत्तापर्यंतचं मोठं माणूस कुठल्या कुठं गेलं. "आई, मला घरी जायचंय," ती रडत म्हणाली. "मला आपल्या घरी जायचंय."

कीर्तीनं डॉक्टरांना मोठे डोस देऊ नका म्हणून सांगितलं. काचेवर रेवणचे दोन्ही तळहात आपटले.

"तू आई आहेस का कोण आहेस?" तो ओरडला. "तू मारायलीस तिला!"

डॉक्टरांनी दोघांना दोन दिवस दिले. रेवण पहिल्या दिवशी भांडला, दुसऱ्या दिवशी काचेपलीकडून लेकीशी बराच वेळ बोलला. काय बोलला ते त्यानं कधी सांगितलं नाही. शेवटी त्यानं संमती दिली. पण तो जे बोलून गेला होता, ते त्यानं परत घेतलं नाही, आणि कीर्तीनंही तशी अपेक्षा ठेवली नाही.

*

हिवाळा संपता संपता कस्तुरी घरी आली. गोळ्यांचा अंमल शरीरातून पूर्ण जाईपर्यंत महिने गेले होते. डायलिसिसचं यंत्र तिच्या खोलीतच बसवलं होतं. सुवर्णानं दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

बसू मात्र स्वयंपाकघराच्या दारामागून बाहेर येईना.

"ये, अक्का आलीय बघ," रेवण म्हणाला.

"अक्काला हात लावायचा नाही," बसू म्हणाला. सगळ्यांनी मिळून त्याला तेच तर शिकवलं होतं. "हात लावला की अक्का मरते."

कस्तुरी जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिनं पिशवीतून रंग काढले. "मी काळवीट काढते," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "शिंगं मला नीट जमत नाहीत. कुणी काढून दिली तर बरं."

बऱ्याच वेळानं तो आला. लांबूनच शिंगं काढू लागला. काळवीट कागदाच्या मधोमध होतं, तेव्हा त्याला जवळ सरकावं लागलं. खडू घेताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं आणि तो विस्तवाला हात लागावा तसा मागं झाला. रडवेला होऊन त्यानं पहिल्यांदा कीर्तीकडं पाहिलं. काय झालं, ते तिला विचारायचं होतं त्याला.

"काही झालं नाही," कीर्ती म्हणाली. "बघ, अक्का बसलीय. लाव पुन्हा."

त्यानं पुन्हा बोट लावलं. मग हात. मग तो तिच्या मांडीत जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.

काही आठवड्यांनी कस्तुरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक मोती उठला. एकच. सगळं घर तो रोज पाहायचं. डॉ. बागवान स्वतः येऊन पाहून गेल्या. मोती लाल झाला, सुकला, आणि एक दिवस आंघोळ करताना गळून गेला. कस्तुरीनं न्हाणीघरातूनच आरोळी ठोकली, "पडला! आई, पडला!" तिचं शरीर लढायला शिकलं होतं. त्या दिवशी तिनं पेलाभर जास्त पाणी मागितलं आणि कीर्तीला ते नाही म्हणावं लागलं.

ते वर्ष त्यांचं होतं. बसू हळूहळू कीर्तीजवळ झोपू लागला. आधी अक्काला मध्ये घेऊन, मग नुसताच. शाळेत कुणी विचारलं, तर आत्या आणि आई अशी दोन नावं तो सांगू लागला. रात्री पाय दुखले, की कस्तुरी त्याला पायांवर उभं राहायला सांगायची, आणि तो भिंतीला धरून तिच्या पोटऱ्यांवर चालायचा. उन्हाळ्यात तहानेनं तिचे ओठ फुटले. ती बर्फाचा एक खडा तोंडात धरायची आणि तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

त्याच उन्हाळ्यात औषध आलं.

डॉ. बागवानांनी फोन केला तेव्हा कीर्ती एकटीच होती. "स्पर्शविषाणू अडवणारी गोळी," त्या म्हणाल्या. "अवयव बदललेल्या मुलांनाही चालते. बातमीत कळण्याआधी मी सांगावं म्हणून..." आणखी थोडं थांबलं असतं, तर कस्तुरीची किडनी शाबूत असती आणि ती घरीही आली असती. हे दोघींनाही बोलायची गरज नव्हती.

कस्तुरीला ते शाळेचा अभ्यास करताना संगणकाच्या पडद्यावर कळलं. ती आईजवळ येऊन बसली.

"म्हणजे मी घाई केली," ती म्हणाली.

"मी केली," कीर्ती म्हणाली. "सही माझी होती."

"आता दुसरी किडनी मिळाली तर ती गोळी मला चालेल ना?"

"चालेल."

"मग शोधा की," कस्तुरी म्हणाली, आणि उगाचच हसली.

शोधली. रेवणनं स्वतःची देऊ केली, सुवर्णानं देऊ केली, रेवणच्या कारखान्यातले दोघे-तिघे तपासून आले. आईच्या किडनीशी लढताना कस्तुरीच्या रक्तात इतकी विरोधी प्रथिनं तयार झाली होती, की कुणाचीच जुळली नाही. तिचं नाव प्रतीक्षेत राहिलं. दिवाळीनंतर तिच्या डायलिसिसच्या नळीतून रक्तात जंतू शिरले. या वेळी पहारेकरी जागे होते, लढलेही. पण तिचं हृदय थकलेलं होतं. तीन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी डॉ. बागवान बाहेर आल्या आणि त्यांनी चहा मागवला नाही.

*

रेवणच्या घरच्या रिवाजात मृताला बसवतात, तसं कस्तुरीला घराच्या पडवीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळावर भस्म, गळ्यात झेंडूच्या माळा, अंगावर कीर्तीची मोतिया रंगाची साडी. तेरा वर्षांच्या पोरीला ती मोठी होत होती. अंगणात भजन चाललं होतं. माणसं येत होती, पाया पडून बाजूला बसत होती.

बसू गर्दीतून वाट काढत गेला आणि बहिणीच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला.

रेवणची एक वयस्कर चुलती म्हणाली, "अरे, लहान पोरांनी हात लावू नये रे. ऊठ तिथनं."

बसूनं चटकन हात सोडला. घाबरून त्यानं गर्दीत कीर्तीला शोधलं.

"धर," कीर्ती लांबूनच म्हणाली. तिचा आवाज साऱ्या पडवीला ऐकू गेला. "धर तू. काही होत नाही."

रेवणनं मान वर करून बायकोकडं पाहिलं. मग तो उठला आणि मुलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला, म्हणजे कुणी त्याला पुन्हा उठवायला नको.

दुपारपर्यंत बसू तसाच बसून होता. जेवायला बोलावलं तर गेला नाही. आत्यानं पाणी आणलं ते तो एका हातानं प्यायला. ऊन अंगणाच्या मध्यावरून सरकलं, स्वामी आले, त्यांनी विधी केले, आणि न्यायची वेळ झाली. चौघे पुढं आले. बसू हात सोडेना. रेवणनं समजावलं, सुवर्णानं समजावलं. तो कुणाकडं बघतही नव्हता. नुसता धरून होता, जोर लावून, ओठ मिटून.

मग कीर्ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली.